मागचं झाकण

बाबा जुन्या बाजारात गेले होते
अर्ध्या इंचाचा एल्बो शोधायला.
एल्बो मिळाला नाही.
मेलेल्या चार्जरांच्या ढिगातून
हे उचललं, ऐंशी रुपयांना,
करडं, एका कोपऱ्यात चावल्याच्या खुणा.
"चालू आहे म्हणतोय," एवढं बोलून
ते मोरीत हात धुवायला गेले.

आत आधीच कुणीतरी राहत होतं.
नाव नेव्हिल. खेळलेला वेळ एकशे बारा तास.
पाळलेली जनावरं: खारी, मस्का,
आणि पाठभर काट्यांचं एक, नानकटा,
पुढचं अक्षर चौकोनांत मावलं नसणार.
म्हणजे कॅम्पातला. म्हणजे भुकेला.
'नवा खेळ' दाबलं की तो पुसला जाणार होता.
मी नाही दाबलं.
कुणाच्या घरात शिरून
त्याची भांडी फेकून देतात का?

तो थांबला होता मनोऱ्याच्या पायथ्याशी.
नऊ मजले. मेलेली जनावरं तिथे
मजल्यामजल्यावर पुरलेली,
आणि ज्यांना कुणी हाक मारत नाही
ती जिन्यात बसलेली.

धनकवडीत तेव्हा साडेसात ते सव्वानऊ
भारनियमन. पडद्याला स्वतःचा उजेड नाही.
मेणबत्ती इतकी जवळ घ्यायची
की केस जळल्याचा वास यायचा.
आई म्हणायची, "तिन्हीसांजेला भुतं कसली खेळतेस,
शुभंकरोती तरी म्हण."
मी ओठांतल्या ओठांत म्हणायचे
आणि तिसऱ्या मजल्यावर मस्काला पुढे करायचे.
मस्का बिचारा. त्याचा प्रत्येक ठोसा
भुताच्या पोटातून आरपार.
चौथ्यावर खारी पडली.
पाचव्यावर औषध संपलं.
सहाव्यावर मी डिक्शनरी काढली,
कारण भुतं इंग्रजीत बोलत होती
आणि आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून.

नवव्या मजल्यावरचं भूत लढलंच नाही.
जिन्यात आडवं बसून
त्याने एवढंच विचारलं:
तुझं पहिलं जनावर कोणतं? हाक मार त्याला.
खाली सात रिकामे चौकोन.

खारी लिहिलं. तळमजला.
मस्का. तळमजला.
वैतागून रेवू लिहिलं, माझंच नाव.
तळमजला.
आठ दिवस हेच.
बाबा जेवताना विचारायचे,
"काय गं, अजून बिल्डिंगमध्येच?"

मग सेल गेले. लाल दिवा
आधी मंद, मग नाहीच.
भांग्यांच्या दुकानातून उधारीवर दोन आणले,
मागचं झाकण काढलं.
आधीही काढलं होतं दहादा,
पण त्या रात्री मेणबत्ती तिरकी होती
म्हणून दिसलं, झाकणाच्या आतल्या अंगाला,
बॉलपेन दाबून दाबून लिहिलेलं,
शेवटचं अक्षर घसरून कडेला गेलेलं:
चिकू.

चिकू त्याच्या जनावरांत नव्हता.
सगळ्या पेट्या उघडून पाहिल्या, नव्हता.
खेळातलाच नसेल.
कुत्रा असेल, कॅम्पातल्या एखाद्या लाकडी जिन्यावर
नेव्हिलची शाळा सुटायची वाट बघणारा.
मी कोपऱ्यातल्या खुणांवर अंगठा फिरवला.
चार दात. बारीक.

पुन्हा नऊ मजले. लिहिलं.
भूत जागचं हललं,
बसमध्ये आतल्याला उतरायचं असलं की
आपण गुडघे वळवतो ना, तेवढंच.

वर गच्ची. मोजून अकरा ठिपक्यांचं आभाळ.
बक्षीस नाही, कुणी राक्षस नाही.
ते कुईकुई वाजणारं वारंही थांबलं.
मी नानकटाला गच्चीभर फिरवून आणलं,
कठड्याशी उभं केलं.

इतक्यात लाइट आली.
"आलीऽऽ" अख्खी गल्ली ओरडली,
पंखा, टीव्ही, वरच्यांचा मिक्सर, सगळं एकदम.
यंत्र विचारत होतं, जपून ठेवू का?
नेव्हिलच्या नावाने.
ठेव म्हटलं.

मग बंद करून झाकण काढलं परत.
चिकूखाली बोटभर जागा होती.
कंपासमधलं पेन प्लॅस्टिकवर उमटेना.
वहीच्या कडेला गोल गोल गिरवलं,
टोकावर फुंकर मारली,
पुन्हा टेकवलं.
'र'च्या जागी नुसता ओरखडा उठला.
राहू दिला.