पाठीला विचारलं असतं तर

मी मोंढ्यातला मापाडी. जाधववाडी, गाळा एकोणीस.
बाप हमाल, त्याचा बाप हमाल.
म्हणून देवगिरीच्या पायथ्याशी गाइड जेव्हा
पोत्यांची ती गोष्ट सांगतो,
वेढा पडला, शिवणी उसवल्या,
धान्य म्हणून चढवलेलं मीठ निघालं,
आणि माणसं च् च् करतात,
तेव्हा मला हसू येतं.

अहो, मीठ जड असतं.
त्याच पोत्यात ज्वारी भरा नि मीठ भरा,
दीडपट फरक.
ज्वारी पाठीवर कूस बदलते, झोपलेल्या लेकरागत.
मीठ दगडासारखं बसतं,
घामात उतरून मानेला चावतं.
अंधारीतून ज्यांनी ती पोती वर नेली
त्यांना पहिल्याच वळणावर कळलं असणार.
विचारलं नाही कुणी.

आता धरा, विचारलं.
धरा, कोठाराच्या दारात एक कारकून होता, वामनो नावाचा,
त्यानं बोरू थांबवून वर पाहिलं:
"का रं रुद्या, आज एवढा वाकलास?"
"मालक, हे खायाचं न्हाई. मीठ हाय."

बस्स.
रातोरात पोती बदलली, गोदाकाठची ज्वारी गड चढली,
वेढा कंटाळून उठून गेला.
पुढचं सगळं उतारावरचं पाणी.
नर्मदा ओलांडली, मग चंबळ,
तिसऱ्या पिढीत यमुनेच्या घाटावर परटिणी
"कामून गं?" म्हणत भांडू लागल्या.
पायली, शेर, चिपटं काबूलच्या बाजारात.
होर्मुझला घोड्यांच्या सौद्याची पावती मोडीत.
पैठणात चिनी पोरं मुळाक्षरं घोकायची
आणि 'ळ'पाशी अडायची.
जगाच्या नकाशात मधोमध आमचा डोंगर,
खाली बारीक अक्षरात: मोजणी इथून.

इथवर मी रोज येतो,
दुपारी, काटा रिकामा असताना.

पुढे पाय अडतो.
कारण एवढं मोठं राज्य म्हणजे वेढे आता आपलेच.
कुठंतरी बर्फात एक गढीएवढा किल्ला,
खाली आपली छावणी, आपल्या चुली,
आपल्याच बोलीतल्या शिव्या.
वर एक बाई पोत्याची शिवण उसवते,
चिमूटभर जिभेवर ठेवते,
आणि तशीच बसून राहते.
भिंतीला टेकून तिथलाही एक हमाल उभा,
माहीत असलेला,
न विचारलेला.

त्याचं नाव मला सुचत नाही.
त्याची भाषा मी संपवलीय ना,
दोन कडव्यांपूर्वीच.

ट्रक लागतो. पोतं काट्यावर येतं.
आकड्याकडे बघायच्या आधी मी म्हणतो,
"किती असंल, हनिफभाई?"
तो पाठ ताठ करत म्हणतो,
"अठ्ठेचाळीस. अन् बुडाला ओल हाय."

काटा अठ्ठेचाळीस दाखवतो.
ओलीचं त्याला कळत नाही.