पन्नास टक्के

गावात आधी असं सांगितलं गेलं
की तो पोपटाच्या पिल्लांसाठी चढला होता.
शाळेमागच्या कडुनिंबाला ढोली आहे, हे खरं.
पोपट मात्र दोन वर्षांपासून तिथं नाहीत,
हे धानोलीत कुणालाही विचारा.

प्रज्वल नेहारे. वय सतरा.
अकरावीच्या फॉर्मचा फोटो माझ्याकडंच होता,
कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेला.
बॅनरसाठी तो मोठा करत गेलो
तसा चेहरा गेला, नुसते ठिपके उरले.
काका म्हणाला, "थोडा हसरा नाई का करता येत, भाऊ?"

सगळ्या गावाचे कागद माझ्या काचेवरून जातात.
टीसी, सातबारा, फारकतीचा कागद,
सरपंचबाईच्या तिसऱ्या लेकराचा
दिराच्या नावावर गेलेला जन्मदाखला.
कागद पालथा ठेवायचा, खालून उजेड सरकतो.
मी वाचत नाही.
म्हणजे, मी वाचत नाही असं लोक धरून चालतात.

पंचनाम्याच्या चार प्रती काढायला शिपाई आला.
"सदर मुलगा तोल जाऊन..."
मुठीबद्दल त्यात एक ओळ नव्हती.
मूठ त्याच्या मायनं सोडवली होती,
आंघोळ घालताना, कोमट पाण्यानं, एकेक बोट,
आणि आत निघालं ते पदराच्या गाठीत बांधलं.

पळस झडेपर्यंत गाव गप्प होतं.
मग पोहेवाल्याच्या टपरीवर, तर्री थंड होत असताना,
वर्गात पाणी वाटणारा चेंडकू रडला.
दर पेपरामागं दोनशे. घरपरत.
कुणी दिले नव्हते? नेहारेनंही दिले होते,
थोरलीच्या वर्षी, तूर विकून.
मागच्या खिडक्यांचे गज दिवाळीतच कापलेले,
फटीत साबण भरून वरून हिरवा ऑइलपेंट.
केंद्रप्रमुखाची गाडी त्याच संध्याकाळी
नागपूरला सर्व्हिसिंगला गेली, ती परत दिसली नाही.
तिसऱ्या खिडकीतली प्रणाली ढोक
रसायनशास्त्राचा पेपर अर्धा सोडून उठली होती.
सध्या मामाकडं आहे, आर्वीला.
बोलत नाही म्हणतात. जेवते.

माझं नाव कुणी घेतलं नाही.
मीही नाही.
रात्री शटर खाली ओढून, पंखा बंद, कागद उडू नयेत म्हणून,
गाइडची पानं मीच लहान केली होती.
पन्नास टक्के. मग त्याच्या पुन्हा पन्नास.
मुंगीएवढं अक्षर,
तळहातात मावणारा अख्खा धडा.
प्रज्वल काउंटरवर बसून कापत होता, जिभेचं टोक बाहेर काढून.
"काका, सरळ रेषेत कापलं का?" असं विचारत होता.

चैतात, उन्हं तापल्यावर, त्याची माय आली.
दुकानात आणखी कुणी नाही हे आधी पाहिलं.
गाठ सोडली. चिठ्ठी काचेवर ठेवली,
घामानं, पाण्यानं मऊ झालेली, घडीवर फाटलेली.
"हे मोठं करून दे भाऊ.
पोट्ट्यानं काही लिवलं असन मायसाठी.
मले बारीक दिसत नाई."

मी दोनशे टक्के दाबलं. मग पुन्हा दोनशे.
अल्कोहोल आले, फिनॉल आले,
बाण, षटकोन, बाण.
आणि पानाच्या उजव्या कडेनं, वरपासून खालपर्यंत,
माझ्या काचेच्या चऱ्याची रेघ,
जी लहान असताना केसासारखी होती,
आता बोटाएवढी.

ती अक्षरांकडं पाहतच नव्हती.
रेघेवरून बोट फिरवत म्हणाली,
"हे आमच्या रासनकारडावर बी हाय."
थोडं थांबून,
"शायेच्या दाखल्यावर बी."

बाहेर कुणाची तरी बंडी गेली, पऱ्हाट्या भरलेली,
बराच वेळ खडखडत.
तिनं कागदाची घडी घातली, आधीच्याच घडीसारखी लहान,
पण मोठा कागद गाठीत मावेना.
ती पुन्हा पुन्हा दाबून पाहत राहिली.
मशीन तापलेलं होतं. मी पंखा लावला नाही.
"किती झाले?" तिनं विचारलं.