लाद्या

मिचिल,
तू खाणीवर गेलास तेव्हा एकशे बारा होत्या,
आज सकाळी मोजल्या, एकोणसाठ.
आपलं पाणी अंगणात उभं असतं भिंतीसारखं,
नदीतून करवतीनं कापून आणलेलं, निळं.
कुत्रा येऊन तंगडी वर करतो,
म्हणून त्या कोपऱ्याला मी जुनं दार आडवं लावलंय.

उणे त्रेपन्न.
रेडिओनं पाचवीपर्यंतच्या पोरांना सुट्टी दिली
आणि ती सगळी सुट्टी घेऊन टेकडीवर घसरायला गेली.

गायीच्या आचळांना सशाच्या कातड्याची पिशवी बांधली.
आई म्हणते, तिला लाज वाटते.
मला तर ती जरा ऐटीतच चालताना दिसते.
दूध ताटल्यांत गोठवते, मधोमध काडी रोवून.
शेजारची ओग्दो चार चकत्या काखेत मारून नेते,
पैसे पेन्शन आल्यावर.

धुकं इतकं, की माणूस चालत गेला
की त्याच्या अंगाएवढं भोक मागे उरतं, थोडा वेळ.
काल अशाच एका भोकातून मी दुकानापर्यंत गेले.
कुणाचं होतं कोण जाणे.
माझ्यापेक्षा रुंद होता, एवढं नक्की.

तर सांगायचं ते हे.
परवा लादी फोडली कुऱ्हाडीच्या तुंब्यानं,
तुकडे पातेल्यात टाकले, चूल सारली,
आणि पाणी झाल्यावर वर तरंगत आलं
सिगारेटचं थोटूक.
कापाच्या ओल्या फटीत गोठून बसलं असणार.
बुडाला दातांची खूण. असं फक्त तूच चावतोस.
ऑगस्टमध्ये आईच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होतीस ना?
नोव्हेंबरात नदीवर आम्ही सगळे करवत ओढत होतो,
तेव्हा तू हे ओढत होतास, मेल्या!

पाणी फेकायला हवं होतं.
थोटूक काढलं, पाणी उकळलं.
आईनं दोन कप चहा घेतला,
म्हणाली, आज पाण्याला चव आहे.

थोटूक वाळवून खिडकीच्या दोन काचांमध्ये
कापसावर ठेवलंय.
आईला वाटतं, मेलेली माशी आहे.

फोनवर तुला हे सांगितलं
तेव्हा बराच वेळ तिकडून काहीच नाही.
मला वाटलं, लाइन गेली.
मग खोकला.
मी म्हटलं, बरं, ठेवते,
अंधार पडायच्या आत लादी आणायची आहे.
इथे अंधार दोनलाच पडतो
हे तू विसरला नसशील.