कोण पाहू शकते?

शाळेची खिचडी आटोपून दुपारी दोनला
दुर्पताबाई टेंभुर्णे माझ्या सेवा केंद्रात आली.
पदराला हळद, हातात भाच्यानं दिलेला फोन,
एका कोपऱ्यात तडकलेला.
सातबारावाले चौघं रांगेत होते,
ते जाईस्तोवर काही बोलली नाही.
मग म्हणाली, "अचल, राती फोन येते वो.
उचलला का बोलत नाही, निस्ता श्वास घेते.
माहा नंबर कोनं देल्ला त्याले?"

नंबर तिच्याच पानावर होता.
खातं उघडताना भाच्याला विचारलं गेलं
तेवढं सगळं त्यानं भरून टाकलेलं:
नंबर, गाव, शाळा,
जन्मतारीख एक जून,
गुरुजींनी अख्ख्या वर्गाला वाटलेली.
फोटोच्या जागी गुलाब, त्यावर दव.
नात्याच्या रकान्यात काहीच नाही.

मी समजावू लागले.
सार्वजनिक म्हणजे आखर, बाई,
कोणाचीही गुरं येऊन उभी राहतात.
मित्र म्हणजे ओसरी.
तिनं मान हलवली, बँकेत हलवतो तशी.
मग एकदम म्हणाली, "म्हंजे न्हानीचा बारदाना."

तिच्या सांदवाडीत चार बल्ल्या आहेत,
भोवती युरियाची पोती शिवलेली.
दरसाल दिवाळीआधी नवी लावते.
धुऱ्यावरून सायकलनं जाणाऱ्याची नजर
कुठवर पोचते, तिला ठाऊक आहे.
तिथून एक वीत वर.
तिला मी काय शिकवणार होते?

नंबर: फक्त मी.
"फक्त मी?" ती हसली.
"माह्यापाशी असं हाय तरी का कायी?"
जन्मतारीख लपवू म्हटलं तर,
"राहू दे चव्हाट्यावर.
ते माही नोहे, गुरुजीची हाय."

मग मित्र. तीनशे बारा.
एकेकाचा फोटो मोठा करून दाखवला,
ती एकच विचारायची,
"याले जेवाले वाढलं का मी कधी?"
बर्फात उभा काळ्या चष्म्याचा माणूस गेला,
मोटरसायकलवर वाकलेले सात गेले,
एक देव गेला, तिनं आधी हात जोडले.
बुटीबोरीच्या कंपनीतला मिशीवाला राहिला.
"हा दोनदा मांगे. न् वाटाना काढून ठेवे."

शेवटी म्हणाली, "हे फूल काढ. माहा फोटो काढ."
बाहेर माठाच्या पाण्यानं तोंड पुसून आली,
निळ्या भिंतीला टेकली.
हसायचं का ते ठरेना,
ठरेना तेवढ्यात मी काढला.

मी "मित्र"वर बोट नेलं
तर तिनं माझं मनगट धरलं.
"हे आखरावर राहू दे."
बाई, कोणीही बघेल.
"मालूम हाय."

अकरा वर्षांपूर्वी मिरची तोडायला
खम्ममकडे गेलेल्या माणसाचं नाव
तिनं घेतलं नाही, मीही नाही.
आख्ख्या टोलीला माहीत आहे त्यावर
बारदाना बसत नाही.

दारात चप्पल घालता घालता विचारलं,
"कोनं पाह्यला, ते सांगते का हे?"
नाही बाई. तेवढं नाही सांगत.
ती अंगठ्यात पट्टा सारत राहिली.
"बरं हाय. नाही सांगत तेच बरं हाय."
मी परत केलेली दहाची नोट
प्रिंटरवर ठेवून गेली.

संध्याकाळी लाईन आली तेव्हा पाहिलं,
फोटो तिघांना आवडला होता.
एक मी. एक बुटीबोरीचा.
तिसऱ्याला गाव नाही, नाव अर्धंच,
खातं कुलपात,
आणि फोटोच्या जागी गुलाब.

उद्या खिचडीला वाटाणा आहे.
तिला अजून सांगितलेलं नाही.