हवा धरलेलं पाणी

सोमवार. उद्यमनगर बंद.
शेजारच्या लेथवर गोणपाट टाकलेलं,
पलीकडच्या गल्लीत कुणी एकच हातोडी मारतोय,
तीही मन लावून नाही.
असाच दिवस लागतो या कामाला.
पाण्यातली हवा ऐकायची, तर
बाकीच्या लोखंडानं गप्प बसायला हवं.

गाडी हुपरीच्या जिनगोंडा चौगुल्यांची.
निळी, परदेशी, बुटकी,
आमच्या उंबऱ्यावर पोट घासूनच आत आली.
इंजिनच्या डोक्यावर सुपरचार्जर:
पट्ट्यावर फिरतो, हवा कोंबतो.
कोंबलेली हवा तापते,
तिला निववायला इंटरकूलर,
इंटरकूलरला निववायला पाणी,
पाण्याला निववायला पुढच्या जाळीमागचा रेडिएटर.
एकानं दुसऱ्याचा ताप घ्यायचा
आणि पुढं सरकवायचा.
घराघरात चालतं तसं.

"गगनबावड्याच्या चढाला जीव सोडती," चौगुले म्हणाले.
"पहिली दोन वळणं वाघ, तिसऱ्याला म्हैस."
गेल्या महिन्यात कुणीतरी होज बदलला,
पाणी भरलं, टोपण लावलं, पैसे घेतले.
हवा आतच ठेवून दिली.

हीच हवा.
एका नळीत पट्टा झिजवून, पेट्रोल जाळून
बोलावलेली पाहुणी,
वीतभर पलीकडच्या नळीत
तिला क्षणाचा थारा नाही.

मी जॅक लावून गाडीचं नाक वर केलं,
चाकांखाली बाभळीचे ठोकळे.
टाकीचं टोपण काढलं.
चावी अर्धी. इंजिन बंद, पंप चालू.
मुठीएवढा विजेचा पंप
घशात काही अडकल्यासारखा कुरकुरत होता,
पाणी ढकलायचं सोडून
हवेत हात मारत होता.

दस्तगीर चाचा खुर्चीतून उठले.
छत्तीस वर्षं पत्र्याच्या टाक्या ठोकून
त्यांचे कान गेलेत.
आता ते बोटांनी ऐकतात.
होजवर तीन बोटं ठेवली, वैद्यासारखी,
सरकवत सरकवत नेली,
एका वाकणावर थांबले.
"हितं बसलीया, पोरी."
शाबूत कानांची मी,
मला फक्त पंप ऐकू येत होता.

ब्लीड स्क्रू सोडला, पाव आटा.
सूंऽऽ.
मग थुंकी, मग फेस,
गुलाबी पाण्याचे शिंतोडे मनगटावर.
चाचा होज दाबायचे, सोडायचे,
गंगावेशीत म्हैस पिळतात तसे.
टाकीतली पातळी खाली गेली, मी ओतलं.
पुन्हा गेली, पुन्हा ओतलं.
घोटभर. अर्धा घोट.
आधीच भरलेल्या म्हणवणाऱ्या टाकीत
सव्वा लिटर मावलं.

वर चढायचं, सगळ्यात उंच जागा धरायची
आणि तिथून खालचं वाहणं अडवायचं.
हवेचा स्वभावच तो.
आमच्या पतसंस्थेच्या सभेत
पहिल्या रांगेत बघितलीय मी.

"अजून किती?" चौगुल्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.
चाचांना ऐकू आलं नाही.
मलाही नाही, असं मी ठरवलं.
बुडबुडे आता तुरळक येत होते,
दोन आले, मग बराच वेळ काही नाही,
आता संपले म्हणून पाना उचलावा
तर एक मोहरीएवढा, आरामात,
लग्नाला उशिरा आलेल्या मामासारखा.

मग नुसती धार.
बारीक, काचेसारखी, न तुटणारी.
स्क्रू आवळला.
पंपाची कुरकुर थांबली,
तसे चौगुले दचकले, "बंद पडला काय ओ?"
मी त्यांचा हात धरून होजवर ठेवला.
चांदी पारखणारी बोटं.
त्यांना कळलं.

संध्याकाळी फोन आला.
वाऱ्यात अर्धे शब्द उडून चाललेले:
"चौथं गेलं! चौथं वळण गेलं!"
चाचा चहा बशीत ओतत होते.
त्यांच्या मोकळ्या तळव्यावर
मी चार टिचक्या मारल्या.
त्यांनी बशी संपवली, तोंड पुसलं,
म्हणाले, "पाचवं लई अवघड हाय.
गियर खाली घे म्हणावं."