प्रेषकास परत

छत्तीस वर्षं मी हर्णैच्या या पाखाडीवरून टपाल नेलं.
चिऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या, बाजारपेठेपासून खाली बंदरापर्यंत;
कुठली हलते ते डोळे मिटून सांगेन.
आता हातात खराटा आहे.
तेव्हा कागद दारात पोचवायचो,
आता दारातून बाहेर पडलेला उचलतो.
खातं तेच, फक्त पाळी बदलली.

पहिल्या पायरीवर गुटख्याच्या पुड्या, थुंकीसकट.
मग थर्माकोलची वाटी, तिला चिकटलेली कोळंबीची सालं,
मग बराच वेळ काहीच नाही, आणि मला बरं वाटू लागतं
तेवढ्यात वळणावर लहान मुलाचं डायपर,
नीट घडी घालून, जणू कुणी न्यायला येणार आहे.

"पाहुण्यांची कामं ही," सुभान मुकादम म्हणतो,
"शनिवार-रविवारच्या गाड्या."
मीही तेच म्हणायचो.
पण पाहुणा मंगळवारी रेशनची पावती कशी टाकेल?
पाहुण्याकडे पतपेढीची भरणा चिठ्ठी कुठून येईल,
शशिकला रहाटवळ, खाते क्रमांकासकट?

मग जुनी खोड उफाळली.
नाव दिसलं की पोचवायचं.
विजेचं बिल म्हणू नका, फाटका लिफाफा म्हणू नका,
ज्या पिशवीत सापडलं ती अख्खी पिशवी
त्या ओट्यावर ठेवायची, कडी वाजवायची:
टपाल!

आधी हसले.
मग नामदेव चोगले लुंगी सावरत बाहेर आला,
"रस्ता काय तुझ्या बापाचा?"
म्हटलं, बापाचा असता तर एकवेळ टाकू दिलं असतं.
हिराबाई पावशांनी पिशवी उघडून बघितली,
"माझीच," म्हणाल्या, आत घेऊन गेल्या,
आणि दुसऱ्या दिवसापासून
मागच्या दाराने पऱ्यात टाकू लागल्या.

पूर्वी कुणी पत्र घेतलं नाही की शेरा मारायचो:
घेण्यास नकार, प्रेषकास परत.
आता शेरा कशावर मारू?

एका गुरुवारी सत्तराव्या पायरीशी
पिशवीत, दुधाच्या पिशव्यांखाली,
चार तुकडे केलेला दवाखान्याचा कागद.
एका तुकड्यावर नाव, दुसऱ्यावर वय चौतीस,
आणि तिसऱ्यावर जे होतं
ते मी थांबवायच्या आत डोळ्यांनी वाचून टाकलं.
छत्तीस वर्षांत एक पाकीट उघडलं नव्हतं मी.
ह्याला पाकीटच नव्हतं.

त्याच्या जन्माची तार मीच आणली होती,
ह्याच पायऱ्या उतरून.
आजोबांनी मूठभर सुकट दिली होती बक्षीस,
घरी जाईपर्यंत खाकी खिशाला वास लागला होता.

त्या दिवशी कडी वाजवली नाही.
तुकडे खिशात घातले, न्हाणीच्या चुलीत घातले,
बाकीची पिशवी माझ्या पोत्यात.
संध्याकाळी तो भेटला. "काय पोस्टमन, निवृत्ती मानवत नाय वाटतं?"
"नाय रे," म्हटलं.

तेव्हापासून खाली वाकताना जरा भीती वाटते,
पुढचा कागद काय सांगेल.
कदाचित काही गोष्टी घरात ठेवताच येत नाहीत,
माणूस त्या हाताबाहेर टाकतो, जवळच्या जवळ.
असं मनाला समजावत चार पायऱ्या उतरतो
आणि पुन्हा डोकं फिरतं.
कारण वेफर्सचं पाकीट हे कुणाचं दुःख नसतं.
कोपऱ्यावर नगरपंचायतीचा डबा आहे,
त्याच्या बुडाशी ढीग, आत कुत्रं नाही, कागद नाही,
पावसाचं पाणी तेवढं.

उधाणाच्या रात्री समुद्र खालच्या नऊ पायऱ्या चढतो.
पऱ्याने नेलेलं सगळं घेऊन येतो,
हिराबाईंचं, चोगल्याचं, पुण्याच्या गाड्यांचं.
त्याला नावं वाचता येत नाहीत,
पहिलं दार दिसेल तिथे ठेवतो आणि परत फिरतो.

पाखाडीतलं सगळ्यात खालचं घर माझं,
हे सांगायचं राहिलं.