गातो

वाघोडिया रोडवर टायर बसला.
स्पेनहून आलेला इन्याकी डिकी धुंडाळत म्हणाला, "गातो?"
भोइटे मिस्त्री पाना पुसत म्हणाले,
"गाऊ द्या की, आपल्याला काय!"

मी दुभाषी, नोकरीचा चौथा दिवस.
गातो म्हणजे मांजर, मी सांगून टाकलं.
मिस्त्री गाडीखाली वाकून आले,
"नाही बुवा."

मग इन्याकीने दोन्ही हातांनी
हवेतच गाडी उचलून दाखवली.
जॅक होय!
जॅकला मांजर म्हणतात त्यांच्यात,
मी ओशाळून म्हटलं,
आपला नाही का बंदुकीला घोडा,
तंबोऱ्याला घोडी…

मिस्त्री हसले नाहीत.
"बरोबरच आहे. पिल्लू कसं उचलते ती,
मानेला धरून. दात लागू देत नाही."

आणि जॅक लावला.
तो कुरकुरत वर चढला.
इन्याकीने माझ्याकडे पाहिलं.
ह्याचं मी भाषांतर केलं नाही.